थकबाकीदाराला हक्क सांगणं म्हणजे कर्ज बुडवायला शिकवणं नव्हे

नमस्कार साहेब,

वसुली एजंटांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "हप्ते थकवायचे आणि वर कायदा दाखवायचा, हेच तुम्ही लोकांना शिकवताय. आमच्या पतसंस्थेतल्या ठेवीदारांचे पैसे मग कोण देणार?" गडहिंग्लज भागातल्या एका पतसंस्थेचे तुम्ही संचालक आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घेतलेलं कर्ज फेडायचंच, त्यात दुमत नाही. ठेवीदाराची तुमची काळजीही रास्त आहे. दुधाच्या बिलातून बाजूला काढलेले पैसे आपल्याकडच्या बायका पतसंस्थेतच ठेवतात. पण ते पैसे वसूल करायला कायद्यानं तुम्हाला भक्कम अधिकार दिलाय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा अधिकृत हुकूम, मिळतो, दिवाणी कोर्टाचे हेलपाटे लागत नाहीत. दाखला हातात आला की वसुली अधिकारी रीतसर जप्ती करू शकतो. एवढं असताना दारात चार पोरं पाठवून आरडाओरडा करायची गरजच काय?

त्या आरडाओरड्यानं काय होतं ते सांगतो. उद्यमनगरात लेथवर काम करणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. फायनान्स कंपनीचे हप्ते थकले. एजंटानं आधी त्यांच्या सासऱ्यांना फोन लावला, मग कारखान्याच्या गेटवर येऊन मालकासमोर थकबाकीचा आकडा मोठ्यानं सांगितला. मालकानं कामावरून काढलं नाही, पण विश्वास उडाला आणि ओव्हरटाइम देणं थांबवलं. हप्ता जायचा तो त्या ओव्हरटाइमातूनच. म्हणजे कंपनीनं आपल्याच वसुलीची वाट बंद केली.

यातलं काहीच नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला, चारचौघांत अपमान करायला, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायला मनाई केलीय. मायक्रोफायनान्सला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना बहुतेकदा गटातून मिळणाऱ्या बिनतारण कर्जाला, वेळ आणखी कमी आहे : सकाळी ९ ते संध्याकाळी ६. बँकेचा एजंट दारात आला तर त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायलाच हवं. त्या गृहस्थांनी ते मागितलं तेव्हा "ऑफिसात आहे" एवढंच उत्तर आलं. मग त्यांनी फोनच्या तारखा, वेळा आणि नंबर लिहून कंपनीकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली आणि त्याच अर्जात हप्ता कमी करून मुदत वाढवायची विनंती केली. त्यानंतर बोलणं शाखेतल्या माणसाशी सुरू झालं आणि हप्तेही सुरू झाले. ३० दिवसांत दाद मिळाली नसती, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायची वाट होती, तीही मोफत. साहेब, यात कर्ज बुडवणं कुठं आलं?

रिझर्व्ह बँकेचे हे नियम पतसंस्थेला लागू नाहीत, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, तुमच्यावर देखरेख सहकार खात्याची. पण धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, आणि तो बँकेच्या माणसानं केला काय किंवा पतसंस्थेच्या, पोलिसांत तक्रार होऊ शकते. अंगावर धावून येणाऱ्याला घाबरून माणूस गाव सोडतो, फोन बंद ठेवतो, नाहीतर खासगी सावकाराकडून उचल करून तुमचा एक हप्ता भागवतो आणि पुढचे सगळे बुडवतो. तोटा त्याच ठेवीदाराचा होतो, ज्याच्यासाठी तुम्ही मला जाब विचारलात.

जाणूनबुजून बुडवणारे असतात, हे मलाही माहीत आहे. त्यांच्यावर कलम १०१ खुशाल चालवा, मी विरोधात एक ओळ लिहिणार नाही.

एक विचारतो. तुमच्या संस्थेतून वसुलीला जाणाऱ्या माणसाकडे शिक्क्याचं पत्र असतं का, आणि त्यानं घेतलेल्या पैशांची पावती कर्जदाराला तिथल्या तिथं मिळते का? उत्तर कळवलंत तर इथंच छापतो.