'रीइश्यू म्हणजे नुसती लूट' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, गाण्याबिण्यांच्या प्रत्येक ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. थोडक्यात असा: जुन्या ब्लूज, कंट्री, रॉकचे रीइश्यू (जुनं रेकॉर्डिंग पुन्हा बाजारात आणणं) म्हणजे जुनीच दारू नव्या बाटलीत, खरा आवाज फक्त ओरिजिनल प्रेसिंगचा, म्हणजे पहिल्यांदा छापलेल्या तबकडीचा, ऐकण्यासारखं सगळं स्ट्रीमिंगवर आहेच, रीमास्टर (जुन्या टेपवरून आवाज नव्याने नीट करून काढणं) म्हणजे नुसता व्हॉल्यूम वाढवलेला, बोनस ट्रॅक म्हणजे स्टुडिओतला कचरा, आणि पैसे जातात फक्त कंपनीच्या घशात. यातलं एकच वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे. बाकीचं ज्याने लिहिलंय त्याने सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या मागे जाऊन फारसं काही ऐकलं असेल असं वाटत नाही.

आधी ते 'ओरिजिनलच खरं' घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ब्लूज गायक-गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन, त्याचं ओरिजिनल म्हणजे काय हो? 1936 च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियो, 1937 च्या जूनमधे डॅलस, एवढंच त्याचं रेकॉर्डिंग, एकूण 29 गाणी, आणि 1938 च्या ऑगस्टमधे माणूस गेला. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, बाजारात आली 1948 ला. त्याच्या हयातीत फक्त 78 च्या (मिनिटाला 78 फेरेवाल्या) तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्याचा पहिला अल्बम कोलंबियाने काढला 1961 मधे, म्हणजे ज्याला आज लोकं 'ओरिजिनल एलपी' म्हणून हजारो रुपये मोजतात तोच मुळात रीइश्यू आहे!

चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स या ब्लूजवाल्यांची गोष्ट तर अजून वाईट. 1930-31 च्या आसपास हे पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी गायले, ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा, फोनोग्राफची कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्ड काढायचे. तबकडीचं शेलॅक (लाखेचं मिश्रण) हलक्या प्रतीचं, आणि धंदा बसल्यावर बहुतेक मास्टर, म्हणजे तबकड्या छापायचे मूळ साचे, भंगारात गेले. आज आपण जे ऐकतो ते कलेक्टर लोकांकडे उरलेल्या घासलेल्या तबकड्यांवरून घेतलेलं. काही रेकॉर्डच्या एखाद-दोनच प्रती सापडल्यात, आणि त्यांच्यासोबतच्या विली ब्राउनची एक तर आजपर्यंत कुणालाच मिळालेली नाही. मग रीइश्यूवाला काय करतो, तर त्यातल्या त्यात बरी प्रत शोधतो, वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघतो, कारण खाचेचा जो भाग आधीच्या सुयांनी झिजवलेला नाही तिथे एखादी सुई टेकली तर आवाज एकदम उघडतो, मग स्पीड ठरवायचा, मग खरखर किती काढायची ते, आणि ती जास्त काढली की गिटारच्या वरच्या सुरांचीही वाट लागते. याला नवी बाटली म्हणायचं?

(आपल्याकडे चोर बाजारात जुन्या रॉकचं 'ओरिजिनल' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा डमडमच्या कारखान्यातलं इंडियन प्रेसिंग असतं. मस्त असतं कधीकधी. पण पहिलं यूके किंवा अमेरिकन प्रेसिंग नसतं ते, भाव करताना लक्षात ठेवा.)

'सगळं स्ट्रीमिंगवर आहे.' हो, पण ते तिथे आलं कुठून? कंट्री गायक हँक विल्यम्सने 1951 मधे नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओसाठी मदर्स बेस्ट नावाच्या पिठाच्या कंपनीचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सकाळचे कार्यक्रम केले. दौऱ्यावर असला की आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा. त्या तबकड्या पुढे स्टेशनच्या लोकांनी कचऱ्यात टाकल्या होत्या, स्टेशनचा फोटोग्राफर लेस लेव्हरेट याने त्या उचलून ठेवल्या म्हणून वाचल्या. मग त्या कुणाच्या यावर कोर्टबाजी, निकाल वारसांच्या बाजूने, आणि 2008 पासून त्या बाजारात यायला लागल्या. शंभराहून जास्त गाणी. हे कुणी खपून बाहेर काढलं नसतं तर ॲपवर काय कप्पाळ सर्च करणार होतात? आणि ॲपवर जे दिसतं तेही नीट बघून घ्या, कंट्रीतल्या कितीतरी जणांनी उतारवयात आपलीच हिट गाणी स्वस्तातल्या लेबलांसाठी पुन्हा गायलीयत, कव्हरवर तरुणपणीचा फोटो आणि आत म्हातारा आवाज.

आता ते अर्धं खरं वाक्य, व्हॉल्यूमचं. मान्य, नव्वदीपासून पुष्कळ रीमास्टर नुसते मोठे केलेत, दहा मिनिटांत कान किटतात. त्याहून वाईट म्हणजे झीझी टॉप हा अमेरिकन रॉक बँड. 1987 मधे त्यांचे जुने अल्बम सीडीवर आणताना ड्रम्सना ऐंशीच्या दशकातला तो घुमणारा आवाज चिकटवला, 1973 चा 'ट्रेस ओम्ब्रेस' असा बिघडवून विकला! पण दुरुस्ती कशाने झाली? 2006 च्या रीइश्यूने, त्यात मूळ मिक्स (वाद्यं आणि आवाजांची पहिली जुळणी) परत आला. इगी पॉपच्या बँडचा 'रॉ पॉवर' अल्बम, त्याचा 1997 चा कर्कश मिक्स तर खुद्द त्यानेच केलाय, तिथे कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. तेव्हा रीमास्टर चांगला की वाईट हे विचारण्याआधी कोणत्या साली, कोणी, कोणत्या टेपवरून केला ते विचारा.

बोनस ट्रॅकबद्दल जास्त भांडणार नाही, तेच गाणं लागोपाठ चारदा ऐकायला मलाही वैताग येतो, आणि जॉन्सनच्या 1990 च्या बॉक्स सेटमधे दोन्ही टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग, एकामागोमाग लावलेत तो प्रकार मला कधीच आवडला नाही. पण त्याचंच 'क्रॉस रोड ब्लूज' घ्या. 78 वर निघाला होता पहिला टेक, 1961 च्या एलपीवर गेला दुसरा, जरा संथ. म्हणजे तीसच्या दशकातल्या ऐकणाऱ्याचं गाणं आणि साठच्या दशकातल्या पोरांचं गाणं एक नव्हतंच, हे त्या 'कचऱ्या'मुळे कळतं. आणि दोन्ही ऐकल्यावर आणखी एक लक्षात येतं, जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची जी कथा याच गाण्याला चिकटवतात तो सैतान गाण्यात नाहीच. माणूस गुडघे टेकून देवाकडे दया मागतोय, आणि दिवस मावळायच्या आत कुणी गाडी थांबवतंय का ते बघतोय.

राहिले पैसे. कंपन्यांनी काळ्या गायकांना लुबाडलं हे खरंच, त्यावर कोर्टात केसेस झाल्यात. पण रीइश्यू बंद केल्याने त्यांना काही मिळालं असतं का? मिसिसिपी जॉन हर्ट हा ब्लूज गायक 1928 मधे रेकॉर्ड करून परत शेतावर गेला. 1952 मधे फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने जुन्या 78 मधून निवडून 84 गाण्यांचा संच काढला, हॅरी स्मिथने निवडलेला, त्यात हर्टची दोन गाणी होती, त्यातून लोकांना हा कोण असा प्रश्न पडला. 1963 मधे त्याच्याच एका गाण्यातल्या ॲव्हलॉन या गावाच्या नावावरून तो सापडला, सत्तरीतला, आणि 1966 मधे जाईपर्यंत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवासकट ठिकठिकाणी गाऊन घेतलं त्याने. जॉन्सनचा 1990 चा सेट दहा लाखांवर खपला, तेव्हा रॉयल्टी कुणाची यावर वर्षानुवर्षं खटला चालला, आणि शेवटी मिसिसिपीच्या कोर्टाने क्लॉड जॉन्सनला त्याचा मुलगा आणि वारस ठरवलं. हा गृहस्थ खडीचा ट्रक चालवायचा. नुसत्या 78 च्या तबकड्यांवर त्याला एक डॉलर मिळाला नसता.

तिसऱ्यांदा काढलेल्या रंगीत व्हिनाइलला मात्र खुशाल शिव्या द्या, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.