‘कंपनीतली कबुली कोर्टात चालत नाही’ हे कुणी सांगितलं?

परवा रात्री साडेदहाला बेळगावातल्या शहापूरहून भाच्याचा फोन आला. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो स्टोअर सांभाळतो. स्टॉकमध्ये पितळी व्हॉल्व्हची तूट निघाली, चौकशी लागली आणि ऑफिसात बसवून त्याच्यापुढे दोन पानी जबाब ठेवला. "मामा, सही करून टाकू काय? ग्रुपवर आलंय, कंपनीतली कबुली कोर्टात चालत नाही म्हणून."

तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. त्यात चार दावे आहेत. कंपनीच्या चौकशीतल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, तेव्हा सही करून मोकळे व्हा. घटनेच्या कलम 20(3) मुळे कंपनीत गप्प बसण्याचा हक्क आहे. मालकाने काढलेलं सीसीटीव्ही आणि व्हॉट्सअॅप पुरावा होत नाही. चौकशीत दोषी ठरला तर कोर्टातही दोषीच, सुटला तर केस आपोआप पडते. बेळगावात इतकी वर्षं फौजदारी कामं चालवतोय. पहिल्या दाव्याइतकं घातक वाक्य फार कमी वाचलंय.

कायदा बाद करतो ती पोलिसांपुढची कबुली. कोर्टात कोणता पुरावा चालतो हे ठरवणाऱ्या 2023 च्या साक्ष अधिनियमाचं कलम 23, जुन्या साक्ष कायद्यातलं 25. एचआरचा साहेब पोलीस नाही, चौकशीला आणलेला बाहेरचा ऑडिटर पोलीस नाही. उद्या पोलिसांत फिर्याद गेली की हेच लोक साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि तो कागद कोर्टापुढे येतो. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हे ‘मोकळं होणं’ नव्हे.

1963 सालचा प्यारेलाल भार्गव खटला बघा. अलवरच्या या सरकारी कर्मचाऱ्याने सचिवालयातली फाइल घरी नेली होती. चौकशीत मुख्य सचिव म्हणाले, खरं बाहेर आलं नाही तर प्रकरण पोलिसांकडे देतो. त्याने कबुली दिली आणि पुढे फिरवली. धमकीने घेतली, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने त्या वाक्याला धमकी मानलं नाही. इतर पुराव्याचा दुजोरा होता, म्हणून फिरवलेली कबुलीही धरली आणि शिक्षा कायम केली. भाच्यालाही अगदी तेच वाक्य ऐकवलं होतं: सही कर, नाहीतर पोलिसांत देतो.

मेसेजच्या पहिल्या दाव्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. ज्याच्या हाती आपलं बरंवाईट आहे त्याने धमकी, आमिष किंवा जबरदस्तीने कबुली घेतली असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 22 खाली ती बाद होऊ शकते. पण दाखवणार कसं? खोलीत पोरगा एकटा, समोर तिघं, दार लावलेलं. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायची तर आधी ते सांगतात की बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. ऑफिसात हे कोण सांगतो?

आणि तो कागद कन्नडमध्ये. पोरगा मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो, पण टाइप केलेली दोन पानं वाचताना अडखळतो. खाली मात्र ‘वाचून, समजून सही केली’ अशी ओळ. आपल्या सीमाभागात किती कामगार या ओळीखाली सही करतात, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला नाही. त्या ओळीमुळे पुढे ‘मला कळलंच नव्हतं’ म्हणणं किती जड जातं, ते मी उलटतपासात पाहिलंय.

बाकीचं थोडक्यात. कलम 20(3) चं संरक्षण गुन्ह्याचा आरोप असलेल्याला आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायच्या सक्तीविरुद्ध आहे; कंपनीच्या अंतर्गत चौकशीत ते ढाल म्हणून पुढे करता येत नाही. सीसीटीव्ही आणि चॅट चालतात. ते रेकॉर्ड कसं काढलं हे सांगणारं साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र मात्र लागतं, आणि ते नसेल तर वकिलाने तिथे हरकत घ्यावीच.

चौकशी आणि खटला एकमेकांना बांधलेले नाहीत. चौकशीत ‘असं घडलं असावं’ एवढं पुरतं, कोर्टात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. आपल्याच कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचे सुरक्षा अधिकारी कॅप्टन पॉल अँथनी. निलंबनात निर्वाह भत्ता दिला नाही, चौकशीला यायला पैसे नव्हते, त्यांच्या गैरहजेरीत चौकशी उरकून बडतर्फ केलं. फौजदारी कोर्टात त्याच आरोपातून ते निर्दोष सुटले आणि 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. पण तिथेही न्यायालयाने तथ्य आणि पुरावा दोन्हीकडे एकच होते, हे पाहिलं. आपोआप काही झालं नाही.

भाच्याने सही केलेली नाही. जबाब मराठीत वाचून दाखवा, त्याची प्रत द्या आणि चौकशीला सोबत एक सहकामगार बसू द्या, असा अर्ज काल रात्री दोन प्रतींत लिहून दिला. एका प्रतीवर पोचेची सही आणि तारीख घेतल्याशिवाय गेटमधून बाहेर पडू नको, असं बजावलंय.