हिरवा आकडा आणि दुपारचं ऊन

आमच्या कोल्हापूरकर मित्रांच्या ग्रुपवर हवेचा विषय निघाला की दोन तट ठरलेले. एकाचं म्हणणं, दिल्लीच्या मानानं आपण स्वर्गात आहोत, हवेच्या गुणवत्तेचा आकडा हिरवा, म्हणजे चांगला दिसतोय की! दुसरा खड्ड्यांचे आणि धुळीचे फोटो टाकतो. ओझोनचं, म्हणजे जमिनीलगत साचून श्वासाला त्रास देणाऱ्या वायूचं, नाव कुणीच काढत नाही.

मी राहतो कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला. लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं हे गाव. इथं उन्हाळ्यात आभाळ निळंशार असतं आणि नेमका तेव्हाच निरोप येतो: दुपारी पोरांना मैदानात पळवू नका. ओझोन कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो हवेतच तयार होतो.

आणि तो चौकात कमी सापडतो! इंजिनातून नुकताच बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वारा हवा पुढं नेतो, तसा तो वाढत जातो. गाड्या लॉस एंजेलिसच्या, खोकला आमच्याकडं. म्हणजे कोल्हापुरात गर्दीच्या महाद्वार रोडवर ओझोन कमी दिसला, तरी पेढे वाटायचं कारण नाही.

हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत कोल्हापूर आहेच. पण २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १०, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांवर. साहजिकच पालिकेला धूळ दिसते. धूळ हटवाच, माझी ना नाही. पण रस्ता झाडून ओझोन जात नाही, आणि आठवड्यातून दोनदा हातानं नमुने घेण्याच्या जुन्या पद्धतीत तो मोजलाच जात नाही. दुपारी चढून रात्री उतरणाऱ्या वायूला तासातासाला मोजणारं यंत्रच लागतं.

कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत, हे ग्रुपवर कुणाला पटत नाही. आपली आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. इथली ७० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ७० भाग), म्हणजे साधारण १४० मायक्रोग्रॅम. आणि तीही लॉस एंजेलिस-रिव्हरसाइडच्या आमच्या खोऱ्याला आजवर पाळता आलेली नाही. तेव्हा इथलं कौतुक मी सांगत नाही. फक्त इथं नापासाचा शिक्का जाहीर बसतो, आणि मग सुधारणेचा आराखडा द्यावाच लागतो, नव्या कारखान्याच्या परवान्यालाही जास्त अटी लागतात.

माझं मागणं एवढंच: एक यंत्र शहरात असू दे, पण दुसरं वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, शेतात लावा. उन्हाळी दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे हातकणंगले-शिरोळकडं. ओझोन पिकांनाही सोडत नाही: कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवेलींच्या पानांवर पडणारे बारीक तपकिरी ठिपके ओझोनचे आहेत, हे १९५८ मध्येच दाखवून दिलं गेलं. ठिपके पानाच्या वरच्या बाजूला येतात, बारीक शिरा मात्र हिरव्याच राहतात. आपल्याकडचा बागायतदार असं पान बघून औषधाच्या दुकानात जाईल आणि बुरशीनाशक घेऊन येईल.