पदक घ्या, पण लावू नका

पंधरा ऑगस्ट जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद हमखास निघतो. काँगो, सोमालिया, सुदान करून आलेल्या कुणी झेंडावंदनाला यूएनचं मेडल लावलं की प्रश्न येतो, "परक्यांचे बिल्ले कशाला?" त्यावर दुसऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं, "इंग्लंडमधले म्हातारे बघा, मिळेल ते मेडल लावून फिरतात. तिथं कोण अडवतंय?"

ब्रिटनमध्ये राहून हे वाचताना हसू येतं, कारण इथली अडवणूक आपल्याला कल्पनाही येणार नाही इतकी बारीक आहे. ब्रिटिश माणसाला परदेशी पदक घ्यायचं तर त्या देशानं आधी परराष्ट्र खात्याला विचारायचं असतं. त्यातही परवानग्या दोन तऱ्हेच्या: एक कायमची, दुसरी मर्यादित. मर्यादित म्हणजे त्या देशात, त्यांच्या वकिलातीच्या समारंभात किंवा त्यांच्या राष्ट्रप्रमुखासमोरच लावायचं. शिवाय दोन जुने दंडक आहेत. पाच वर्षांपेक्षा जुन्या सेवेचं पदक घ्यायचं नाही, आणि ज्या सेवेबद्दल ब्रिटिश पदक मिळालंय तिच्याबद्दल परक्याचं दुसरं चालायचं नाही.

या दंडकांनी काय होतं ते मलेशियाच्या 'पिंगात जासा मलेशिया' या पदकानं दाखवलं. स्वातंत्र्यानंतर, 1957 ते 1966 या काळात, त्या देशासाठी लढलेल्या परदेशी सैनिकांना हे पदक द्यायचं मलेशियानं ठरवलं. ब्रिटिश सैनिकांची सेवा चाळीस वर्षं जुनी, आणि 'मलाया' किंवा 'बोर्निओ' क्लॅस्पचं (रिबनवर मोहिमेच्या नावाची पट्टी असते तिचं) ब्रिटिश पदक त्यांना आधीच मिळालेलं. म्हणजे दोन्ही दंडक आडवे. 2006 मध्ये सरकारनं तोडगा काढला: पदक घ्या, पण लावू नका! 2007 मध्ये मलेशियाच्या स्वातंत्र्याच्या पन्नाशीला तिथं गेलेल्यांना तेवढ्यापुरती सूट मिळाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मात्र आपल्या सैनिकांना लावायलाही परवानगी दिली होती. परवानगी राणीच्या नावानं, पण सरकारच्या सल्ल्यानं मिळायची; तेव्हा तिन्ही देशांची राणी एकच, पण सल्ला देणारी सरकारं वेगळी. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांनी खासदारांना पत्रं लिहून लिहून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे 2011 मध्ये ब्रिटननं नमतं घेतलं. रशियाच्या उशाकोव्ह पदकाचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात आर्क्टिक समुद्रातून रशियाला रसद पोचवणाऱ्या खलाशांना आधी नकार आणि 2013 मध्ये होकार. तोवर बरेचसे गेले होते.

परवानगीची अट असावीच, याबद्दल माझं दुमत नाही. गणवेशातला माणूस परक्या सरकारकडून काय घेतो यावर देशाचं लक्ष हवं. आपल्या घटनेच्या अठराव्या कलमातही हाच विचार आहे. पण एकदा 'घ्या' म्हटलं की 'लावू नका' म्हणण्यात काय हशील?

या बाबतीत आपली पद्धत मला जास्त शहाणी वाटते. काँगोला गेलेल्या भारतीय जवानाला आपल्या सरकारचं विदेश सेवा मेडल 'काँगो' क्लॅस्पसह मिळालं आणि यूएनचंही. एकाच सेवेची दोन पदकं, पण त्यानं काही आभाळ कोसळलं नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. सगळ्यात वरच्या दर्जाचं मेडल छातीच्या मध्याकडे, मग उतरत्या क्रमानं भारतीय मेडल आणि परदेशी अगदी शेवटी, डाव्या खांद्याच्या बाजूला. ते दिसायला झकास म्हणून मध्ये घुसवलं, तर जाणकाराच्या डोळ्यांत पहिलं तेच खुपतं.

आपल्याकडे गाडी अडते ती कागदावर. यूएन मेडलला साधारणपणे मिशनवर नव्वद दिवस भरावे लागतात. त्याच मिशनवर पुढं एकशेऐंशी दिवस झाले की रिबनवर आकडा चढतो. हे दिवस पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदींसाठी निघणाऱ्या अधिकृत आदेशात, आलेले असले पाहिजेत. दुसऱ्या पलटणीबरोबर अटॅच होऊन गेलेल्यांची नोंद बऱ्याचदा इथंच निसटते, कारण ऑर्डर निघते तिकडे आणि डॉक्युमेंट राहतात इकडे. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरकही पुरतो. बाजारातून आणलेलं मेडल पुरावा ठरत नाही, मग ते कितीही अस्सल दिसो.

डिस्चार्ज बुकात (निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) मेडलची नोंद नसेल तर मिशनचं सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती जोडून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, अर्ज करायचा. मूळ कागद पाठवायचे नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला. सातारचा म्हणजे मराठाच असं धरून तोफखान्यातल्या माणसाचा अर्ज बेळगावला धाडला, तर नुसती टपालाची फेरी पडते. पत्ता ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

आजोबांच्या पेटीतला इटली स्टार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इटलीच्या मोहिमेचं पदक, या वादात ओढू नये. तो ज्या सैन्यात ते होते त्याच सैन्यानं दिलेला आहे, त्यामुळे परदेशी पदकाचा नियम त्याला लागत नाही. ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला नातवंडं अशी पदकं उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्यानं ती कमावली त्याची.