२५२० ‘गूढ’ नाही, शाळेतला लसावि आहे

‘१ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, शोध रामानुजन यांचा, गुपित म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. भाग जातो, हे खरं. बाकीचं तपासून घ्या.

एकमेव नाही. ५०४०, ७५६० किंवा २५२० ची कुठलीही पट घ्या, भाग जातोच. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. ८ साठी २×२×२, ९ साठी ३×३, शिवाय ५ आणि ७, गुणाकार २५२०. ६ आणि १० यांतच भागतात, म्हणून त्यांना वेगळं गुणायचं नाही. दहाही संख्या सरसकट गुणल्या तर येतात ३६,२८,८००, म्हणजे १४४० पट जास्त.

दिनदर्शिकेचा संबंध निव्वळ योगायोग. महिना ३१ दिवसांचा धरा: ७×३१×१२ = २६०४. आता ५, ८, ९, १० चारही अडतात. (फेब्रुवारीचं तर नावच नको.)

रामानुजन यांचं नाव मात्र हवेतून आलेलं नाही. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांचा १९१५ चा शोधनिबंध आहे, आणि ४८ विभाजकांची २५२० तशीच एक संख्या. पण लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागातही आहे.

१ ते २० साठी हीच रीत वापरली की उत्तर येतं २३,२७,९२,५६०.