शंभर किलोमीटरचा नियम आणि एकशे पाच किलोमीटरचा गोवा

उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजला तर आपला गोवा साधारण १०५ किलोमीटर लांब आहे. शाळेत पाठ केलेला हा आकडा मला अलीकडे पुन्हा आठवला तो केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आणि तिच्यातल्या दुरुस्त्या चाळताना. मूळ अधिसूचनेत अस्तित्वात असलेला राष्ट्रीय महामार्ग ३० किलोमीटरहून अधिक लांबीपर्यंत रुंद करायचा असेल आणि त्यासाठी २० मीटरहून अधिक रुंदीची जादा जमीन लागणार असेल, तर पर्यावरण दाखला, म्हणजे कामाआधीची पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी, आवश्यक होता. २२ ऑगस्ट २०१३ रोजी ही मर्यादा १०० किलोमीटरवर नेण्यात आली आणि जादा जमिनीची अट मूळ मार्गावर ४० मीटर, तर वळणमार्गावर ६० मीटर झाली. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच दाखल्याचा प्रश्न येतो. राजस्थानात किंवा उत्तर प्रदेशात शंभर किलोमीटर म्हणजे एखाद-दुसरा जिल्हा असेल. आपल्याकडे ते जवळजवळ अख्खे राज्य आहे.

नवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर लांबी कितीही असो, दाखला लागतो, हे मान्य. परंतु गोव्यात नवे रस्ते थोडे आणि रुंदीकरणे फार. राष्ट्रीय महामार्ग ६६ उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीपासून दक्षिण सीमेवरच्या पोळेपर्यंत वळणे घेत जातो, त्यामुळे त्याची एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या वर भरते. पण काम मात्र तुकड्यातुकड्यांनी झाले, आणि शंभर किलोमीटरचा एकही तुकडा त्यात नाही. कंत्राटाच्या सोयीसाठी तुकडे पाडण्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो परिणामही तुकड्यांतच मोजण्याला, कारण डोंगर कापला की त्याचे पाणी कोणत्या तुकड्यात उतरायचे हे निविदा पाहून ठरवत नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तमिळनाडूतील विलुप्पुरम ते नागपट्टिनम या सुमारे १८० किलोमीटरच्या महामार्गाचे चार भाग करण्यात आले होते. १९ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने त्या प्रकरणी दाखला आवश्यक ठरवला नाही. मात्र दाखला चुकवण्याची युक्ती म्हणून प्रकल्पाचे तुकडे पाडता येणार नाहीत, असे स्पष्ट म्हटले आणि तुकडे पाडणे कधी ग्राह्य धरावे हे तपासण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश पर्यावरण मंत्रालयाला दिला. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या नियमांत यावर साधे उत्तर आहे: ज्या भागाचा अभ्यास करायचा त्याची दोन्ही टोके तर्काला धरून असली पाहिजेत आणि पर्यावरणाचा व्यापक विचार करता येईल इतकी त्याची लांबी असली पाहिजे. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण निदान प्रश्न तरी नेमका विचारलेला आहे.

रेल्वेची गोष्ट तर याहून विचित्र. २००६ च्या यादीत विमानतळ होते, बंदरे होती, रोपवेसुद्धा होता, रेल्वेमार्ग नव्हता. कर्नाटकातील कॅसलरॉक ते गोव्यातील कुळे या लोहमार्गाचे दुपदरीकरण अडले ते पर्यावरण दाखल्यावर नव्हे, तर हा मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो म्हणून. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोलेत निदान वाघ, गवे आणि खवले मांजर यांच्या नावे एक कायदा होता. तोच लोहमार्ग पुढे चांदर, वेळसांवच्या घरांना चिकटून जातो, तिथे माणसांच्या नावे असे काही नाही.

आता मी जवळून पाहिलेले सांगतो. आमचा गाव पेडणे तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी. गावाजवळून जाणाऱ्या एका रस्त्याच्या प्रकल्प अहवालाला जोडलेला पर्यावरण अभ्यास मी एका कार्यालयात बसून वाचला. झेरॉक्स मिळाली नाही, वहीत उतरवून घेतले. पाहणी मार्च ते मे या महिन्यांत झालेली, कारण बहुतेक प्रकल्पांसाठी एकाच ऋतूची माहिती घ्यावी लागते आणि तीही पावसाळा वगळून. ज्या प्रदेशात वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तिथे पावसाळा वगळून पाण्याचा अभ्यास! जलस्रोतांच्या तक्त्यात आमच्या झरीची नोंद ‘हंगामी ओहोळ, नगण्य’ अशी होती. मे महिन्यात ती करंगळीएवढी वाहते हे खरे आहे. जुलैत तीच झर चिरेबंदी पन्हळीवरून उडी घेऊन खालच्या सरद (पावसाळी पिकाच्या) शेतात उतरते, आणि तिच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पाहणीला आलेल्या मुलांना आमच्या शेजारच्या काकांनी तेव्हाच सांगितले होते, ‘बाबांनो, श्रावणात या, मग लिहा.’ श्रावणात कोणी आले नाही. पुढे भराव पडला, खाली पाणी जायला ठेवलेली मोरी नगण्य ओहोळाला पुरेल एवढीच निघाली, आणि पहिल्याच पावसाळ्यात काकांच्या शेतात तीन आठवडे पाणी साचून रोपे कुजली.

भरावाची मातीसुद्धा कुठल्या तरी टेकडीचीच असते. रस्ते, पाइपलाइन अशा कामांसाठी माती काढायला पूर्वपरवानगीची गरज नाही, अशी सवलत २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, लोकांच्या हरकती न मागवता देण्यात आली. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या चार वर्षांत किती टेकड्या ट्रकांत भरून गेल्या ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहिले आहे.

रस्ते नकोत असे माझे म्हणणे नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिलेल्यांपैकी मी एक आहे, आणि जुन्या जुवारी पुलावरच्या कोंडीत माझेही तास गेलेले आहेत. मोपाचा विमानतळही मी वापरतो. पण त्याच मोपाच्या बाबतीत आसपासच्या जंगलांची आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी दाखला स्थगित करून फेरविचाराला पाठवला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झालाच. म्हणजे माहिती आधीच खरी दिली असती तर ते महिने वाचले असते. छाननीमुळे विकास रखडतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

माझी मागणी मर्यादित आहे. केंद्राने लांबीची मर्यादा राज्याच्या आकारमानाशी आणि भूरचनेशी जोडावी, रेल्वेमार्ग यादीत घ्यावेत, आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबरची पाहणी सक्तीची करावी. आमच्या झरीचा जुलैतला फोटो तारखेसह जोडून मी हे निवेदन संबंधित कार्यालयात दिले आहे. आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला आहे. उत्तर अद्याप नाही. आपापल्या गावातील मोऱ्यांचे आणि ओहोळांचे असे पावसाळी फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी ठिकाण आणि तारीख लिहून मला पाठवावेत. पुढच्या निवेदनाला ते जोडायचे आहेत.