अडीच एमएमची वायर

कोकणात जुन्या घराचं वायरिंग कोणी हौसेने बदलत नाही. एक तर खार बदलायला लावते, नाहीतर खारा वारा. देवगडच्या आमच्या घरात दोघांनी भागीदारीत काम केलं. खारीने माळ्यावरची वायर बोंडं सोलावी तशी सोलली आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर समुद्राच्या हवेने हिरवागार कळंक चढवला. त्यात गणपती तोंडावर आलेले.

वायरमन आला, बॅटरी मारून वर बघितलं, कॅलेंडरचं मागचं पान फाडून घेतलं आणि लिहिलं : ७/२०, ७/२२, ३/२२, अर्थची वेगळी. मला ते तालुक्याच्या एसटीचं वेळापत्रक वाटलं.

मग कळलं की वरचा आकडा तारांच्या संख्येचा आणि खालचा गेजचा. ३/२२ म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा. इथवर ठीक. पण गेज जितका मोठा तितकी तार बारीक. म्हणजे बावीसची तार वीसपेक्षा किरकोळ! शाळेत याच्या उलट लिहून मी पूर्ण मार्क मिळवले होते.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो, तर तिथल्या खोक्यांवर यातलं एकही अक्षर नाही. १, १.५, २.५, ४, ६, आणि पुढे चौरस मिलिमीटर. दुकानदार अण्णांनी चिठ्ठीकडे असं पाहिलं की जणू मी आण्यात हिशोब मागतोय.

"सात-वीस आता खय गावता? चार घे. सात-बावीस म्हणजे अडीच."

"आणि तीन-बावीस?"

"एक घे नायतर दीड घे."

"पण बरोबर कुठली?"

"पैशे किती हाडलंस ता सांग."

तीन तारांच्या तांब्याचा हिशोब केला तर १.१९ चौरस मिलिमीटर येतो, म्हणजे अण्णांच्या उत्तरात गणिताची चूक नव्हती. दिव्या-पंख्यांना दीड, मोठ्या प्लगला नि गिझरला अडीच, एसीला चार हा दुकानातला सर्वसाधारण रिवाज. तीन-बावीसच्या जागी मी दीड घेतली.

यातही मेख आहे. सगळे 'अडीच एमएम' म्हणतात, पण पट्टी लावा, तांबं दोन मिलिमीटरच्या आसपासच भरेल. कारण आकडा जाडीचा नाही, कापलेल्या तांब्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा आहे. वरच्या प्लास्टिकचा त्यात काहीच संबंध नाही. हलक्या मालाचं सगळं भांडवल इथेच असतं. बाहेरून गुटगुटीत वायर, सोलली की आत चार केस.

वायरीच्या अंगावरही मजकूर असतो, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत. मी चष्मा लावून, वायर उजेडाकडे धरून, पोथीसारखी वाचायला घेतली. ऑगस्टच्या दमट हवेत घामट अंगठ्याखाली निम्मी शाई निघाली, तरी '११०० व्होल्ट' सुटलं नाही. घरी येऊन काकीला दाखवलं.

"संध्याकाळी दोनशेतीस येत नाय आमच्याकडे," काकी म्हणाली, "अकराशे कोणाक होये?"

११०० व्होल्ट वायरीतून येत नाहीत, तेवढ्यापर्यंत वरचं प्लास्टिक दम धरतं, एवढंच ते सांगणं. काकीला ते पटलं नाही. आकडा छापलाय म्हणजे दिलाच पाहिजे, असं तिचं रेशन दुकानापासूनचं धोरण आहे.

मग एफआर, एफआरएलएसएच, एचएफएफआर. नावामागे लावलेल्या डिग्र्यांसारखी ही अक्षरं, आणि किंमतही डिग्रीप्रमाणे चढत जाते. एफआर म्हणजे पेटली तरी आग पुढे पसरवत नाही (पेटतच नाही असं नव्हे, हे दुकानात कोणी सांगत नाही). एफआरएलएसएच जळताना धूर आणि हॅलोजन वायू कमी सोडते. वायरीवरच्या साध्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये क्लोरीन हा हॅलोजन असतो, त्यामुळे त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. एचएफएफआरमध्ये हॅलोजन नसतंच. हे सगळं मी चुलीपुढे बसलेल्या काकीला समजावत होतो.

"धूर कमी येता? मगे तीच घाल हय," म्हणत तिने फुंकणी उचलली.

आयएसआयची खूण, आयएस ६९४ हा वायरींच्या भारतीय मानकाचा आकडा आणि कंपनीचा सीएम/एल परवाना क्रमांक एवढं मात्र मी हट्टाने बघितलं. तो क्रमांक सरकारी ॲपवर तपासता येतो. दुकानात रेंज नव्हती. रेंज देवळाच्या पायरीवर येते, म्हणून ९० मीटरचं बंडल काखेत मारून तिथे गेलो. प्रदक्षिणा घालणाऱ्या दोघांनी "मखराक काय?" म्हणून विचारलं. क्रमांक खरा निघाला. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

वायरमनने खोकं बघितलंच नाही. टोक नखाने सोललं, तारा चिमटीत फिरवल्या, म्हणाला, "बरी आसा." मग लाल, काळी, हिरवी हा विषय निघाला. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. त्याचं मत असं की करंटाला डोळे नसतात, जी हाताला येईल ती ओढायची. मी शिडीखाली उभा राहून हिरवीचं टोक अर्थलाच जाईपर्यंत हललो नाही.

शेवटी किटकॅट फ्यूज, म्हणजे चिनीमातीचा, आत तार घालायचा जुना फ्यूज. उरलेल्या अडीचच्या चार तारा पिळून त्याने त्यात भरल्या. "आता फ्यूज जाणा नाय," म्हणाला, अभिमानाने. आमच्याकडे फ्यूज उडणं हा फ्यूजचा दोष समजतात. जाड पिळा घातला की फ्यूज टिकतो आणि त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते. म्हणून एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आणायला परत अण्णांकडे गेलो. दीडच्या वायरीला १० अँपिअरचा, हे पाठ करून गेलो होतो.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दहाचो होयो ना? बी की सी?"